डाग दिसला म्हणजे ड्रायव्हर गेला असं नाही: स्टुडिओ मॉनिटर तपासायचा योग्य क्रम

नवे स्टुडिओ मॉनिटर (रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगचे स्पीकर) टेबलावर आले की बहुतेक जण आधी टॉर्च काढतात, मग कोनला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) बोट लावून पाहतात आणि सगळ्यात शेवटी आवाज ऐकतात. नेमकं उलटं करायला हवं. आधी कान, मग माप, मग डोळे, आणि हात सगळ्यात शेवटी. तोही खरंच गरज असेल तर. उलट्या क्रमाने गेलात की दोन चुका हमखास होतात. गोंदाचा एक थेंब दिसला म्हणून उत्तम चालणारा मॉनिटर परत पाठवला जातो. आणि सराउंडची (कोनभोवतीच्या लवचीक पट्टीची) कड सुटायला लागलेला मॉनिटर 'दिसायला तर छान आहे' म्हणून ठेवून घेतला जातो.

इथे मुख्यतः दोन ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग), म्हणजे खालच्या आवाजाचा ५ ते ८ इंची वूफर आणि वरच्या आवाजाचा एक ट्वीटर, असलेले ॲक्टिव्ह (आतच ॲम्प्लिफायर असलेले) मॉनिटर डोळ्यांसमोर ठेवले आहेत. पॅसिव्ह (बाहेरच्या ॲम्प्लिफायरवर चालणाऱ्या) जोडीलाही हेच लागू पडतं. जिथे वेगळं आहे तिथे तसं लिहिलं आहे.

## तयारी: आवाज सुरू करण्याआधी

१. बॉक्स उघडण्याआधी बाहेरून चारही बाजूंचे फोटो काढा. कोपरा चेपलेला असेल तर तो जवळून. पुढे वाद झाला तर हाच पुरावा. बॉक्स आणि आतला फोम परतीची मुदत संपेपर्यंत टाकू नका.

२. मॉनिटर गार जागेतून आला असेल तर काही तास तसाच राहू द्या. गारठ्यात रबर ताठ होतं, आणि आत दमट हवा साठली असेल तर वीज लावण्याआधी ती वाळलेली बरी.

३. मागच्या पॅनलवरची सगळी बटणं आणि नॉब दोन्ही मॉनिटरवर सारखे करा: गेन (आवाजाची पातळी), हाय ट्रिम आणि लो ट्रिम (वरचा आणि खालचा आवाज कमी-जास्त करणारे), सगळं. 'उजवा ट्वीटर मंद वाटतो' या तक्रारीमागे कितीदा तरी फक्त एका बाजूचा हाय ट्रिम उणे दोनवर राहिलेला असतो.

४. टेबल रिकामं करा. पेन, कप, किल्ल्या, फोटोची चौकट, जे काही थरथरू शकतं ते खोलीबाहेर ठेवा.

५. जवळ ठेवा: दोन सारख्या केबल, साइन टोन (एकाच वारंवारतेचा शुद्ध सूर) आणि स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) वाजवणारं कुठलंही सॉफ्टवेअर, टॉर्च, आणि मऊ केसांचा कोरा ब्रश. मोजमापाचा माइक असेल तर उत्तम; नसला तरी अडत नाही.

तपासा: दोन्ही मॉनिटर सुरू आहेत, ऑडिओ इंटरफेसचा (कॉम्प्युटर आणि मॉनिटर जोडणाऱ्या उपकरणाचा) आवाज पूर्ण खाली आहे आणि मागचे स्विच सारखे आहेत. मगच पुढे जा.

## टप्पा १: कान

ओळखीचं गाणं मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज) करून वाजवा. जोडी सारखी असेल तर गायकाचा आवाज दोन मॉनिटरच्या बरोबर मधून, अरुंद पट्ट्यात येतो. तो एका बाजूला सरकत असेल किंवा फक्त 'स'चे उच्चार एका बाजूला ओढले जात असतील, तर तसं लिहून ठेवा. निष्कर्ष इतक्यात नको.

आता केबल जिथल्या तिथे ठेवून फक्त मॉनिटरची अदलाबदल करा. दोष मॉनिटरबरोबर पलीकडे गेला, तर दोष मॉनिटरचा. तो त्याच बाजूला राहिला, तर केबल, इंटरफेस किंवा खोली. ही पाच मिनिटांची कसरत टाळून मॉनिटर परत पाठवणारे फार आहेत. बदलून आलेल्या मॉनिटरमध्येही 'तोच दोष' सापडतो, आणि सापडणारच.

यानंतर साइन स्वीप. सुरुवात हळू आवाजात, ४० ते ५०० हर्ट्झ, साधारण अर्ध्या मिनिटात. एकेक मॉनिटर वेगळा वाजवा. जिथे काही वावगं वाटेल तिथे स्वीप थांबवून तोच टोन स्थिर लावा. घोटाळा वेगवेगळ्या आवाजात येतो:

- कागदावर नख ओढल्यासारखी खरखर, कोनच्या प्रत्येक हालचालीबरोबर: व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) मॅग्नेटच्या फटीत घासतंय. ही फट मिलिमीटरच्या अंशाएवढी असते, त्यामुळे कॉइल जरा तिरकं बसलं तरी घासतं. खरा दोष, आणि पुढे वाढणारा.
- एकाच अरुंद पट्ट्यात टर्र, टोन थोडा वर-खाली केला की गायब: काहीतरी सैल आहे. ड्रायव्हरचा स्क्रू, लोगोची पट्टी, ग्रिल, किंवा मॉनिटरबाहेरची एखादी वस्तू.
- फुस्स, हवा सुटल्यासारखं: बहुधा पोर्ट (बॉक्सला हवेसाठी ठेवलेलं भोक). मोठ्या आवाजात, खालच्या टोनवर लहान पोर्ट असं करतोच. हळू आवाजातही येत असेल तर बॉक्सच्या सांध्यातून किंवा ड्रायव्हरच्या कडेने हवा गळतेय का पाहा.
- टिक-टिक, मोठ्या हालचालीवरच: टर्मिनलपासून कोनपर्यंत जाणारी विणलेली लीड वायर कोनला किंवा स्पायडरला (कॉइल मधोमध धरणाऱ्या मागच्या घडीदार चकतीला) आपटतेय.

दुसऱ्या प्रकाराबद्दल सावध राहा. मी एकदा डाव्या वूफरमधली ११० हर्ट्झची टर्र शोधण्यात अख्खी संध्याकाळ घालवली होती. स्क्रू आवळून झाले, मॉनिटर उलटा ठेवून झाला. शेवटी ती मागच्या कपाटावर ठेवलेल्या हेडफोन स्टँडच्या सैल नटमधून येत होती. टोन चालू ठेवून खोलीतल्या वस्तूंना एकेक करून हात लावत जा. आवाज थांबला की चोर सापडला.

ट्वीटरला स्थिर साइन टोन फार वेळ देऊ नका. हळू आवाज आणि काही सेकंद, बस. त्याचं कॉइल बारीक असतं, आणि सलग टोनने ते किती तापलंय हे कानाला कळत नाही, कारण इतक्या वरच्या टोनचा मोठेपणा आपल्याला नीट जोखता येत नाही.

इशारा: ३० हर्ट्झच्या खाली जोरात टोन लावून 'कोन किती हलतो' हे पाहू नका. पोर्ट ज्या टोनला जुळवलेला असतो त्याच्या खाली कोनला हवेचा आधार राहत नाही आणि तो बेलगाम हलतो. बऱ्याच ॲक्टिव्ह मॉनिटरमध्ये यासाठी फिल्टर असतो, पण पॅसिव्ह जोडीत तुमचा हातच फिल्टर.

## टप्पा २: माप

मोजमापाचा माइक आणि रूम ईक्यू विझार्डसारखं मोफत सॉफ्टवेअर असेल तर इथे अर्धा तास घाला. नसेल तर पुढच्या टप्प्यावर जा.

लोक इथे एकच चूक करतात: डावा मॉनिटर डाव्या जागी, उजवा उजव्या जागी मोजतात, आणि खोलीतला फरक ड्रायव्हरच्या माथी मारतात. दोन्ही मॉनिटर पाळीपाळीने एकाच जागी ठेवा. टेबलावर पट्टीने खूण करा, माइक हलवू नका.

१. वूफरसाठी माइक डस्ट कॅपपासून (कोनच्या मधल्या टोपीपासून) सेंटिमीटरभर अंतरावर. इतक्या जवळून खोली जवळजवळ ऐकूच येत नाही. हे माप काहीशे हर्ट्झपर्यंत विश्वासाचं.

२. ट्वीटरसाठी माइक त्याच्या समोर, त्याच उंचीवर, ३० सेंटिमीटरवर.

३. दोन्ही आलेख एकावर एक ठेवा.

माझा ढोबळ हिशेब असा: बहुतेक भागात एक डीबीच्या (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं एकक) आत फरक असेल तर जोडी चांगली. अरुंद पट्ट्यात दीड-दोन डीबी दिसले तर माइक हलला नाही ना हे बघून पुन्हा मोजा. सगळा ट्वीटरच तीन डीबी खाली असेल तर बोलायलाच हवं. डिस्टॉर्शनचा (आवाजातल्या विकृतीचा) आलेखही उघडा. घासणाऱ्या कॉइलमध्ये दुसऱ्या-तिसऱ्यापेक्षा वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले सूर) एका बाजूला उठलेले दिसतात, दुसऱ्या बाजूला नाही.

फाइल तारीख आणि सिरियल नंबर घालून जपून ठेवा. ती पुढे लागणार आहे.

## टप्पा ३: डोळे

आता टॉर्च. पण समोरून नव्हे; बाजूने, कोनला जवळजवळ समांतर प्रकाश टाका. उंचसखलपणा त्यातच दिसतो. मॉनिटरची वीज बंद, आणि दुसरा हात पाठीमागे. विनोद नाही, खरंच पाठीमागे. टॉर्चमध्ये काही दिसलं की बोट आपोआप पुढे जातं.

### जे फक्त दिसण्यापुरतं असतं

विणीतली असमानता. केवलार किंवा ग्लास फायबरच्या विणलेल्या कोनमध्ये एखादा धागा जाड, एखादी ओळ तिरपी, कुठे राळ थोडी जास्त चमकणारी असते. कापडावर राळ बसवून साच्यात दाबतात, तेव्हा हे येतंच. पिवळ्या केवलारचा रंग दोन मॉनिटरमध्ये थोडा वेगळा असू शकतो, आणि उन्हात तो आणखी गडद होतो.

कागदी कोनवरचे ठिपके आणि जोड. कागदाचा लगदा सगळीकडे एकसारखा नसतो. यामाहाच्या १९७८ ते २००१ दरम्यान बनलेल्या एनएस-१० या मॉनिटरचं उदाहरण घ्या. त्याचा पांढरा कोन सपाट कागद गुंडाळून चिकटवून केलेला असल्याने त्यावर उभा जोड स्पष्ट दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती चीर वाटते. जुन्या एनएस-१० चे कोन पिवळट पडलेले असतात, तेही वयामुळे.

गोंदाची असमान कड. डस्ट कॅपभोवती किंवा सराउंडच्या आतल्या कडेला गोंद कुठे जाड, कुठे पातळ, कुठे एखादा ओघळ. गोंद सलग आहे ना, एवढंच महत्त्वाचं. सुबक नसला तरी चालतो.

रबरवर पांढुरकी साय. काळ्या रबरी सराउंडवर राखाडी-पांढरा थर आला की लोक बुरशी समजून घासायला घेतात. रबरात ओझोनपासून बचावासाठी मेण घातलेलं असतं, ते हळूहळू पृष्ठभागावर येतं. ते रबराचं कवच आहे. गाडीच्या टायरला लावायचं पॉलिश तर अजिबात लावू नका. ते गोंदाच्या कडेत शिरलं तर कड सुटू शकते.

कापडी सराउंडवर ब्रशचे फटकारे. घड्या घातलेल्या कापडावर चिकट डॅम्पिंगचा (कंप दाबणारा) लेप हाताने लावल्यासारखा दिसतो, कुठे चमक, कुठे नाही. चिकटपणाही मुद्दाम ठेवलेला असतो.

आत वळलेला डोम. काही ट्वीटरचा डोम (घुमटासारखा पडदा) बाहेर फुगलेला नसून आत वळलेला असतो. फोकल कंपनीचे असे इनव्हर्टेड डोम प्रसिद्ध आहेत. दोन्ही बाजूंना सारखाच असेल तर तो दाबला गेलेला नाही, तसाच बनवलेला आहे. तसंच घडी घातलेल्या पट्टीच्या ट्वीटरमध्ये घड्यांची अंतरं अगदी एकसारखी नसतात. त्यावर फुंकरही मारू नका.

### जे खरंच तपासावं लागतं

सराउंड आणि कोनमधली उघडी फट. बाजूच्या प्रकाशात काळी बारीक रेघ दिसते आणि तिथे गोंद खंडित असतो. पॉलिप्रॉपिलीनच्या कोनला गोंद सहजी धरत नाही, म्हणून तिथे डोळे जास्त वेळ ठेवा. आज फट दोन मिलिमीटर असेल. कोनच्या रोजच्या हालचालीने ती वाढत जाते.

फोम सराउंडवर भेगा किंवा भुकटी. फोम ओलाव्याने, उन्हाने आणि ओझोनने कुजतो. दहा ते वीस वर्षांत बहुतेक फोमची हीच गत होते. खाली काळसर कण पडलेले दिसले तर जुनी जोडी घेताना सराउंड बदलण्याचा खर्च धरूनच बोला.

धातूच्या डोमला खोक. ॲल्युमिनियम किंवा टायटेनियमचा डोम एकदा दबला की त्याचा आकार, आणि म्हणून वरच्या टोकाचा आवाज, बदलू शकतो. मापात दिसतो का ते आधी पाहा.

कोन मध्यात नाही. सराउंडची पट्टी एका बाजूला जाड, दुसरीकडे चेपलेली दिसते. खरखर ऐकू आली असेल आणि हेही दिसत असेल तर तपास संपला.

कागदावर राखाडी-हिरवे मऊ डाग. ही मात्र बुरशी. आधी खोलीतला ओलावा कमी करा, मग कोनचं बघा.

इशारा: डोम बेरिलियमचा असेल आणि तुटला असेल तर तुकड्यांना हात लावू नका, झाडू नका, व्हॅक्यूमही फिरवू नका. बेरिलियमची धूळ श्वासात गेली तर फुफ्फुसाला घातक असते. खिडकी उघडून खोलीबाहेर या आणि निर्मात्याने सांगितल्याप्रमाणेच पुढचं करा.

## टप्पा ४: हात, आणि तोही लागलाच तर

पहिले तीन टप्पे निर्दोष गेले असतील तर हा टप्पा वगळा. मनापासून सांगतो, वगळा.

कोन दाबून पाहणं. वीज बंद. दोन्ही हातांची चार-चार बोटं डस्ट कॅपच्या बाहेर, समोरासमोर, मधोमध समान भार देऊन कोन दोन-तीन मिलिमीटर आत न्या आणि सोडा. एका अंगठ्याने एका बाजूला दाबलं तर कॉइल तिरकं होतं, घासतं आणि तुम्हीच निर्माण केलेला दोष तुम्हाला सापडतो. ट्वीटर दाबून पाहायची गरज कधीच नसते.

मल्टिमीटर. पॅसिव्ह मॉनिटरमध्ये किंवा सुटा काढलेल्या ड्रायव्हरवर. नाममात्र ८ ओहमच्या ड्रायव्हरचा डीसी रोध साधारण साडेपाच ते सात येतो, ४ ओहमचा तीन ते साडेतीनच्या आसपास. आठ ओहमच्या ड्रायव्हरवर सहा दिसले म्हणून घाबरू नका. आकडा अमर्याद आला तर कॉइल किंवा लीड वायर तुटली आहे. कोन हलवताना आकडा उड्या मारत असेल तर लीड वायर तुटायच्या बेतात आहे.

ड्रायव्हर काढणं. वॉरंटी असेल तर नाहीच. ॲक्टिव्ह मॉनिटरमध्ये वीज काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहतो, म्हणून ते काम जाणणाऱ्याकडे. पॅसिव्ह असेल तर बॉक्स पाठीवर निजवून, ड्रायव्हर छताकडे करून स्क्रू काढा. स्क्रूड्रायव्हर फिरवताना दुसऱ्या हाताची मूठ त्याच्या दांड्याभोवती, कोनच्या बाजूला आड धरा. मॅग्नेट लोखंडाला अशा झटक्याने ओढतो की टोक स्क्रूवरून निसटून थेट कोनमध्ये घुसतं. वूफरमधली मी पाहिलेली भोकं बहुतेक अशीच पडलेली होती. परत बसवताना स्क्रू आधी सगळे हलके लावा, मग समोरासमोरचे जोडीने आवळत जा. एमडीएफमध्ये (बॉक्सच्या दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीत) जास्त पीळ दिला की स्क्रूची वाट खराब होते, आणि मग तीच टर्र.

दबलेली डस्ट कॅप. कोणीतरी 'टेप लाव आणि ओढ' असं सांगतंच. जुन्या घेतलेल्या एका जोडीच्या उजव्या कॅपवर अंगठ्याएवढा खळगा होता. मोजमापात डाव्या-उजव्यात काहीही फरक नव्हता, तरी मला तो खुपत होता. टेप लावली, ओढली. खळगा अर्धाच वर आला आणि टेपला काळा लेप चिकटून आला. आता तिथे खळगाही आहे आणि करडा टक्कल पडलेला भागही. मापात फरक नसेल तर खळगा राहू द्या.

रेशमी डोम दबला असेल तर जाणकार माणूस सौम्य ओढीने तो वर आणू शकतो. धातूच्या डोमला मात्र वळी पडतात, त्याच्या नादी लागू नका.

## टप्पा ५: ठेवायचा की परत करायचा

ऐकण्यात दोष आणि अदलाबदलीत तो मॉनिटरबरोबर फिरला: परत. गोंद खंडित, कड सुटलेली, आवाज मात्र ठीक: तरीही परत, कारण हा दोष वाढणारच आहे. आवाज ठीक, माप ठीक, फक्त वीण तिरकी किंवा रंग वेगळा: नव्याकोऱ्या मालाचे पूर्ण पैसे दिले असतील तर बदलून मागायचा हक्क आहेच, पण तक्रारीत 'ड्रायव्हर खराब' असं लिहू नका, 'दिसण्यातला फरक' असं लिहा. तपासणीत खराबी सापडत नाही आणि मॉनिटर आहे तसा परत येतो, तो बहुधा याच शब्दामुळे.

पाठवताना टोनची वारंवारता, कुठल्या आवाजात, अदलाबदलीचा निकाल आणि बाजूच्या प्रकाशातला एक फोटो द्या. 'विचित्र आवाज येतो' एवढ्यावर कोणाला काही करता येत नाही.

## टप्पा ६: दहा-वीस वर्षं टिकवायचे असतील तर

चालू-बंद करण्याचा क्रम. सुरू करताना मॉनिटर सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी. केबल काढण्या-घालण्याआधी मॉनिटर बंद. प्रत्येक 'थड्' हा कॉइलला बसलेला धक्का असतो.

उष्णता. कॉइलच्या तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला जवळपास ०.३९ टक्क्यांनी वाढतो. कॉइल शंभर अंशांनी तापलं तर रोध सुमारे ३९ टक्क्यांनी वाढतो आणि आवाज दोन ते तीन डीबीने पडतो. तो पडला म्हणून तुम्ही आवाज वाढवता, कॉइल आणखी तापतं. तासन्‌तास जोरात ऐकल्यावर 'दम कमी झाला' वाटलं तर नॉब फिरवू नका, वीस मिनिटं थांबा. लिमिटरचा (आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणाऱ्या सर्किटचा) दिवा अधूनमधून लुकलुकला तर ठीक. सतत पेटलेला असेल तर खोलीच्या मानाने मॉनिटर लहान पडतोय.

ऊन आणि ओल. खिडकीतून थेट ऊन कोनवर येत असेल तर पडदा लावा किंवा जागा बदला. फोम, रबर आणि केवलार तिन्हींना अतिनील किरण बाधतात. दमट खोलीत कागदी कोनचे मॉनिटर महिनोन्‌महिने बंद ठेवू नका.

धूळ. कोरडा मऊ ब्रश, मधून बाहेर, अगदी हलक्या हाताने. पॉलिप्रॉपिलीनला घट्ट पिळलेलं मायक्रोफायबर चालतं. कागद, रेशमी डोम आणि लेप दिलेल्या कापडाला पाणी किंवा स्पिरिट नको. चिकट लेपावर बसलेली धूळ निघत नसेल तर राहू द्या. ती ओढून काढताना लेपच निघतो. हवेचा कॅन ट्वीटरवर कधीच नको.

साठवण. उभेच ठेवा, ड्रायव्हर समोर. महिनोन्‌महिने पाठीवर निजवून ठेवले तर जड कोन आपल्याच वजनाने आत बसत जातो. डोमवर कापड लोंबू नये म्हणून समोर ताठ पुठ्ठा उभा करा.

जुना ट्वीटर मंद वाटला तर. काही ट्वीटरच्या फटीत फेरोफ्लुइड (चुंबकाला धरून राहणारं तेलकट मिश्रण) असतं, आणि ते वर्षानुवर्षांत घट्ट होतं. दिसायला काहीही बदलत नाही, फक्त वरचा आवाज दबत जातो. पहिल्या दिवशी जपलेली मोजमापाची फाइल इथे कामाला येते. वर्षातून एकदा, त्याच खुणेवर, त्याच अंतरावरून पुन्हा मोजा आणि दोन आलेख एकावर एक ठेवा. माइकची उंची पहिल्या वेळी कुठे लिहून ठेवली नसेल, तर आजच फाइलच्या नावात घाला.